खाणावळीतल्या सुरीला मूठ कशाची करावी? शिसव की हायलम, आणि तोंडाशी पितळ की स्टेनलेस

पॅटर्नमिस्त्री | कोल्हापूर | १० मे

नमस्कार मंडळी.

उद्यमनगरात बत्तीस वर्षं मी फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने. पंपाची बॉडी, पुली, गिअरबॉक्सचं झाकण, जे येईल ते. आता दोन वर्षं झाली, घरच्या माडीवर सुऱ्या करतो. पातं एका लोहारमित्राकडून ट्रकच्या कमानपाट्याचं घडवून घेतो. पाणी तेलात देतो, म्हणजे तापवलेलं पातं तेलात बुडवून कडक करतो, आणि नंतर ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, असं दोनदा ठेवून कडकपणा जरा उतरवतो. पात्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अडलंय ते मुठीपाशी, आणि मुठीच्या तोंडाशी जो धातूचा ठोकळा बसवतात, ज्याला बोल्स्टर म्हणतात, त्याच्यापाशी.

माझ्या थोरल्या बहिणीची मटणाची खाणावळ आहे. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. सकाळी सहाला कांदा, आलं, कोथिंबीर चिरायला सुरुवात होते. रात्री अकराला ओटा धुऊन निघतो. मधल्या वेळात सुरी एकदाही धड कोरडी होत नाही. चरबीचा हात, मीठ, लिंबू, वरून गरम पाणी. काम संपलं की सुऱ्या भांड्यांबरोबर एकाच मोठ्या टोपात पाण्यात पडतात, कधी कधी सकाळपर्यंत तिथंच असतात. मी एक-दोनदा सांगून बघितलं. पण दिवसभर उभं राहून राबणाऱ्या बायकांनी माझ्या सुरीसाठी आपली रीत बदलावी, हे मलाच पटेना. सुरीच त्यांच्या रीतीला टिकायला पाहिजे.

गेल्या वर्षी आखाडाच्या तोंडावर आक्काला पहिली सुरी करून दिली. पातं १८० मिलिमीटर, पाठीशी ३ मिलिमीटर जाड. पात्याचंच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत सलग नेलेलं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या. लाकूड शिसवी. आजोबांच्या पलंगाचा एक खूर मोडून पडला होता, त्यातून काढलं. तोंडाशी दोन पितळी ठोकळे, प्रत्येकी २८ बाय २०, जाडी ६. तीन पितळी रिव्हेट, पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी, वर जवसाच्या तेलाचे चार हात. सगळी सुरी २६० ग्रॅम भरली, त्यात पितळच ५७ ग्रॅम. पितळेच्या वजनानं तोल बरोबर अंगठ्याखाली आला होता. आक्कानं हातात घेतली आणि म्हणाली, "आजोबांचा पलंग माझ्या मुठीत आला बघ." त्यापेक्षा मोठी पावती मला कुणी दिलेली नाही.

श्रावणात पितळ आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली. गणपतीत ती फट काळी पडली. दिवाळीत उजव्या बाजूची पट्टी अंगठ्यानं दाबली की हलायला लागली. घरी आणून रिव्हेट कापले आणि उघडली. आत लोखंडावर गंजाचा फुगलेला थर होता, त्यानंच पट्टी वर उचलली होती. लाकूड आतून शाईसारखं काळं. पितळेच्या आतल्या कडेला हिरवा थर. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की इपॉक्सी लोखंडाला चिकटून होता आणि लाकडापासून मात्र कागदासारखा सुटून आला होता. ते लाकूड ऐंशी वर्षं घरात होतं, वाळायचं तेवढं वाळून चुकलं होतं. दोष लाकडाचा नव्हता. मी ते चुकीच्या जागी लावलं की चुकीच्या पद्धतीनं लावलं, एवढं मला कळून घ्यायचं आहे.

पॅटर्न करताना आम्हाला ओतलेल्या धातूचं थंड होतानाचं आखडणं पाठ असतं. बिडासाठी मीटरला १० मिलिमीटर वाढवून धरायचं, पितळेसाठी १५-१६. त्यासाठी मोजायच्या पट्ट्याच वेगळ्या असतात. धातू सांगितलं तेवढंच आखडतो आणि थांबतो. लाकूड जन्मभर हलतं. उभ्या रेषेत जवळजवळ नाही, पण आडवं हलतंच, आणि आपल्याकडे एप्रिलची हवा आणि जुलैची हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक. न हलणाऱ्या धातूला हलणारं लाकूड टेकवलं की सांधा उघडणार, हे मला कळतं. तो उघडला तरी पाणी आत जाऊ नये, हे जमवायचं कसं?

यंदा आक्काला चार सुऱ्या पाहिजेत, आखाड लागायच्या आत. आखाडात तिच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. मनात तीन गोष्टी आहेत. एकजण म्हणतो हायलम लाव आणि विसरून जा. हायलम म्हणजे रेझिनमध्ये दाबलेला तक्ता, ते मला पॅनेलबोर्डातलं माहीत आहे, मुठीला कसं लागतं माहीत नाही. दुसरं म्हणजे बोल्स्टरसाठी पितळ सोडून ३०४ स्टेनलेस घ्यावं की गनमेटल, म्हणजे तांबं-कथील-जस्ताचा मिश्रधातू, ओतून घ्यावं? फाउंड्रीतला एक जुना सोबती ओतून द्यायला तयार आहे, पॅटर्न तर मीच करीन. तिसरं, राधानगरीकडच्या एका ओळखीच्या माणसानं सांबरशिंग देतो म्हणून सांगितलंय, रानात गळून पडलेलं. ते घ्यावं का?

ज्यांनी रोजच्या ओल्या कामाच्या सुऱ्या केल्या आहेत त्यांनी सांगावं. कपाटात ठेवायच्या सुऱ्यांचा अनुभव इथं उपयोगी पडणार नाही.

---

रानवाट | १० मे

मिस्त्री, बाकीचं जाणकार सांगतील. सांबरशिंगाला हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते वन्यप्राण्याच्या अवयवात धरतात. गळून पडलेलं असलं तरी विकणं, विकत घेणं गुन्हाच आहे. देणारा चांगल्या मनानं देत असेल, तरी त्यालाही सांगा, जिथं पडलंय तिथंच राहू दे. उंदीर, साळिंदर ते कुरतडून खातात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं. हाडाचीच मूठ पाहिजे असेल तर उंटाचं किंवा म्हशीचं हाड मिळतं. पण खाणावळीच्या गरम पाण्यात तेही भेगाळतं.

---

टूलरूम_इचलकरंजी | ११ मे

काका, तुमची उघडलेली सुरी मी डोळ्यासमोर आणली. माझ्या मते तिथं तीन चुका एकत्र झाल्या आहेत आणि त्यातली एकही लाकूड निवडण्याची नाही.

पहिली, इपॉक्सी. पाच मिनिटांचा इपॉक्सी गरम पाणी आणि सततची ओल सोसत नाही. चोवीस तासांचा घ्या, दोन्ही ट्यूबांतलं सांगितलेल्या प्रमाणात मोजून कालवा, आणि दाबून धरताना शिकंजा पिळू नका. सगळा इपॉक्सी कडेनं बाहेर आला तर आत धरायला काय उरणार? शिसवीत अंगचं तेल असतं. सागातही असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. चिकटवायच्या आधी ८० नंबरच्या पेपरनं ताजं घासायचं, ॲसिटोननं पुसायचं आणि लगेच, त्याच बैठकीत चिकटवायचं. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलं तर तेल परत वर आलेलं असतं. तुमचा इपॉक्सी लाकडापासून कागदासारखा सुटला, याचं कारण हेच.

दुसरी, मुठीतलं लोखंड उघडं राहिलं. लोखंडाला दोन्ही बाजूंनी आणि भोकांच्या आतूनही इपॉक्सीचा पातळ हात द्या, मग पट्ट्या बसवा. पाणी देण्याआधी लोखंडात रिव्हेटशिवाय आणखी चार-पाच भोकं पाडून ठेवा. त्या भोकांतून इपॉक्सी आरपार जातो आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरतात. शिवाय तोल मागे गेला असेल तर तेवढं वजनही कमी होतं. लाकूड काळं पडलं ते लाकडातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा संयोग होऊन. जुन्या काळी शाई अशीच करत.

तिसरी, बोल्स्टरची बैठक. पितळ आणि लाकूड काटकोनात टेकवलं की फट सरळ आत जाते. ठोकळ्याची मागची कड तिरपी काढा, साधारण ४५ अंशांत, आणि पट्टीचं तोंड तिच्याखाली जाईल असं घासा. म्हणजे लाकूड धातूच्या खाली अडकतं. जरा हललं तरी उचलून येत नाही. तुमच्यासारख्या मिस्त्रीला हा सांधा मी समजावून सांगावा, हे मला बरोबर वाटत नाही. पण सुरीच्या कामात बरेच जण हा सांधा करत नाहीत, म्हणून लिहिलं.

आता हायलम. मुठीसाठी कापडी हायलम घ्या, कागदी घेऊ नका. कागदी हायलमचे कडेला टवके उडतात. कापडी म्हणजे सुती कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि दाब देऊन केलेला तक्ता. परदेशात मायकार्टा म्हणून जी मूठ महाग विकली जाते, ती वस्तू हीच. मशीनचा आवाज कमी व्हावा म्हणून याचीच दातेरी चाकं करतात. उद्यमनगरात इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे १० मिलिमीटरचा तक्ता कापून मिळेल. ते पाणी जवळजवळ पीत नाही आणि हवेबरोबर हलत नाही.

फक्त एक करा. ते चकाकेपर्यंत घोटू नका. ३२० किंवा ४०० नंबरच्या पेपरवर थांबा. घोटलेलं हायलम काचेसारखं निसटतं. पण खरखरीत ठेवलेल्या हायलममध्ये कापडाचा धागा वर राहतो, आणि तो ओल्या हाताला कोरड्या हातापेक्षा जास्त धरतो. चरबीच्या हातालाही धरतो. घासताना पाणी मारून घासा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा, ती धूळ छातीत जाता कामा नये. कुणी काचेच्या धाग्याचं जी-१० सुचवलं तर मजबुतीत ते याहून सरस आहे, पण त्याची धूळ याहून वाईट. घरच्या माडीवर, जिथं नातवंडं येतात, तिथं मी तो माल घासणार नाही.

धातूबद्दल. ३०४ घ्या. पण पितळ गंज धरतं आणि स्टेनलेस गंज अडवतं, असा समज करून घेऊ नका. मिठाच्या पाण्यात साधं पोलाद पितळेला टेकलं की पोलाद लवकर गंजतं, आणि स्टेनलेसला टेकलं तरी पोलादच गंजतं. दोघांच्या शेजारी तुमचा कमानपाटा दुबळाच. ३०४ चा फायदा इतकाच की ते लिंबानं हिरवं होत नाही आणि आक्कांना ते घासावं लागत नाही. सांध्यात पाणी शिरू न देणं हा वेगळा विषय, तो वर सांगितला. ॲल्युमिनियम मात्र लावू नका. तिथं उलटं होतं, ॲल्युमिनियमच खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी पडते.

३०४ ला भोक पाडताना ड्रिल फिरत राहिलं आणि कापलं नाही, तर तिथंच धातू कडक होतो आणि पुढं कोणतंच ड्रिल चालत नाही. वेग कमी, दाब जास्त, तेल सतत. रिव्हेटसाठी आर्गन वेल्डिंगची स्टेनलेस फिलर रॉड वापरा, ३.२ मिलिमीटरची. मीटरभर लांब येते, एका रॉडमध्ये चारही सुऱ्या होतील. रिव्हेटची डोकी मशीनच्या घासपट्ट्यावर घासताना दर चार-पाच सेकंदांनी बोट लावून बघा. बोटाला चटका बसला की समजा, आतला इपॉक्सी मऊ पडला. आणि बोल्स्टरची पुढची कड, पात्याकडची, चिकटवायच्या आधीच पूर्ण घोटून घ्या. नंतर पात्याला ओरखडा न पाडता तिथं हात पोचत नाही.

---

सावंतवाडीचं_लाकूड | ११ मे

हायलमबद्दल टूलरूम म्हणतात ते खरं आहे. तरी लाकडाच्या बाजूनं दोन शब्द, कारण लाकूड हरलं असं वाचून मला राहवलं नाही.

दोन पट्ट्यांची मूठ खाणावळीत नेली तर तिला चारी बाजूंनी सांधे. त्यापेक्षा आपल्या खुरप्याची, विळ्याची मूठ बघा. पात्याची निमुळती शेपटी एका सलग लाकडात घुसवलेली, तोंडाशी लोखंडाचं कडं. पाण्याला शिरायला एकच जागा, तीही कड्याच्या आत. जुन्या तलवारींत शेपटी मुठीत लाख-राळ ओतून बसवत, ती झाली पाणी अडवायची त्या काळची रीत. तुम्ही इपॉक्सी ओता. भोक शेपटीपेक्षा जरा सैल ठेवा आणि भरून घ्या, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

लाकूड शिसवीच पाहिजे असं नाही. बाभूळ घ्या, औतांना, हत्यारांना पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे. चिंचेचा गाभा मिळाला तर सोन्याहून पिवळं. जांभळट काळा, घट्ट, दाणा बारीक. पण झाड म्हातारं लागतं आणि गाभा हाताच्या मनगटाएवढाच निघतो. खैर टणक आहे, पण त्यात कात असतो, लोखंडाला लागला की काळं पडायचं नक्की. कोणतंही लाकूड घेतलंत तर तुकडे करून दर रविवारी वजन करा आणि वजन उतरायचं थांबलं की मगच हात लावा. मे महिन्यात थांबलेलं वजन जुलैत परत वाढतं. म्हणून मी मूठ पावसाळ्यात बसवतो, लाकूड फुगलेलं असताना. उन्हाळ्यात आखडून फट पडली तरी तेव्हा हवा कोरडी असते.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं, आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून उन्हात वाळवा, मगच टाका.

---

पॅटर्नमिस्त्री | १३ मे

तिघांचे मनापासून आभार. राधानगरीच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं.

काल हायलमचा तुकडा आणला, दहाचा, तपकिरी. त्याचे दोन नमुने केले, नुसत्या मुठी, पाती नाहीत. एक चकाकेपर्यंत घोटलेली, एक ४०० वर थांबवलेली. शिवाय शिसवीची एक आणि बाभळीची एक. चारही घेऊन खाणावळीत गेलो. आक्काच्या हातावर तेल आणि पाणी दोन्ही घातलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक मूठ देऊन ओढून बघितली. घोटलेलं हायलम पहिल्या झटक्यात माझ्या हातात आलं. "ही नगं, निसटतीया," म्हणाली. ४०० ची मूठ मला ओढून काढता आली नाही. बाभळीची तिच्या खालोखाल. शिसवीची तिनं सगळ्यात जास्त वेळ हातात ठेवली, पण ओढल्यावर निसटली.

आणखी एक गोष्ट कळली. मी मुठी माझ्या हाताच्या मापानं करत होतो. आक्काचा हात लहान. तिच्या करंगळीखाली मूठ रिकामी राहत होती आणि मधे जाड होती. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आता तिच्या आणि तिच्याकडच्या तिघींच्या हाताचे ठसे ओल्या कणकेत घेतलेत. कणीक सुकल्यावर त्यावरून पत्र्याचे टेम्प्लेट कापणार. पॅटर्नच्या कामात आधी नमुना, मग माल. सुरीत मी थेट मालावर गेलो होतो.

टूलरूम, तिरप्या कडेचा सांधा मला सुचायला पाहिजे होता. आमच्या कोअरबॉक्सला आम्ही तोच करतो. धन्यवाद.

एक विचारायचं राहिलं. चौथी सुरी आक्काच्या घरच्या स्वयंपाकासाठी करावी म्हणतो. तिथं ती एकटीच वापरणार, धुऊन पुसून ठेवणार. तिला सावंतवाडीकरांच्या पद्धतीची सलग शिसवी मूठ करीन, उरलेल्या खुराची, आणि तोंडाशी गनमेटल. गनमेटलचा ठोकळा आणि पातं यांच्यामधली फट डाखानं, म्हणजे सोल्डरनं, भरावी का? डाख लावताना पात्याचं पाणी उतरेल याची भीती वाटते.

---

हुपरीची_सून | १४ मे

काका, माझं सगळं सासर चांदीकामात आहे, डाख-टाकणखारातच दिवस जातो. तुमची भीती बरोबर आहे, म्हणून आधी नको ते सांगते. चांदीच्या दागिन्याला आम्ही जो डाख लावतो तो साडेसहाशे-सातशे अंशांवर वितळतो. तो सुरीला लावला तर पात्याचं पाणी गेलंच.

मऊ डाख लावायचा. बाजारात शिशाचा मिळतो, तो १८३ अंशांपासून वितळतो, पण खाण्याच्या सुरीवर शिसं आणू नका. निव्वळ कथील घ्या, कल्हईवाला वापरतो ते. ते २३२ अंशांवर वितळतं. चांदी मिसळलेलं कथील मिळालं तर आणखी बरं, त्यात ४ टक्के चांदी असते, ते २२१ अंशांवरच वितळतं आणि उजळ राहतं. तुम्ही पातं २०० वर उतरवलंय, म्हणजे डाखाच्या जागी अगदी जरा जास्त उतरेल. ती जागा मुठीच्या तोंडाशी, तिथं कुणी चिरत नाही. पातं मात्र धारेपासून वरपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळा आणि फडकं वाळू देऊ नका. ज्योत पात्यावर कधीच धरायची नाही, गनमेटलच्या ठोकळ्याला खालून, मागच्या बाजूनं धरायची. डाख उष्णतेकडे धावतो, तुम्ही वरून फक्त कथलाची तार टेकवायची. पोलादावर फिकट गवती रंग आला तरी चालेल. जांभळा दिसायला लागला की हात थांबवा. निळा म्हणजे गेलं.

चरबीचं बोट लागलेल्या जागी कथील धरत नाही, म्हणून आधी कानशीनं ताजं करून घ्या. फ्लक्स म्हणून नवसागर किंवा जस्त घालून मारलेलं तेजाब वापराल तर काम झाल्याबरोबर सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून ब्रशनं धुवा. ते आत राहिलं तर तुमचा सांधा आठवड्यात आतून गंजेल आणि तुम्ही पुन्हा लाकडाला दोष द्याल.

चांदीसारखा रंग पाहिजे असेल तर जर्मन सिल्व्हरचा विचार करा. नावात चांदी आहे, वस्तूत नाही. तांबं, निकेल आणि जस्त. पितळेसारखं कापतं, हिरवं होण्याचं प्रमाण कमी, डाखही चांगला धरतं. आमच्याकडे त्याला फार मान नाही, पण सुरीवर शोभेल.

---

टूलरूम_इचलकरंजी | १४ मे

गनमेटलबद्दल एकच. ओतताना ८८-१०-२ मागा, म्हणजे तांबं, कथील, जस्त. भंगार वितळवून जे गनमेटल म्हणून देतात, त्यात बऱ्याचदा शिसं असतं. बुशसाठी ते चांगलं, सुरीसाठी नको. पितळी रिव्हेटलाही हेच लागू. लेथवर सहज कापता यावी म्हणून जी पितळी सळई मिळते तिच्यात शिसं असतं, आणि ती ठोकली की डोक्याला चिरा जातात. तुमच्या जुन्या सुरीचे रिव्हेट भिंगातून बघा.

---

पॅटर्नमिस्त्री | १४ मे

बघितले. तीनपैकी दोन डोक्यांना चिरा आहेत. पाण्याला त्या वाटा मीच करून दिल्या होत्या.

---

पॅटर्नमिस्त्री | १२ ऑगस्ट

मंडळी, श्रावण चालू आहे, खाणावळ निवांत आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो.

तीन सुऱ्या कापडी हायलमच्या, ३०४ चे बोल्स्टर, मागची कड ४५ अंशांत, फिलर रॉडचे रिव्हेट. प्रत्येकीची मूठ ज्या बाईच्या हातात जाणार तिच्या कणकेच्या ठशावरून. पहिल्या बोल्स्टरला दोन ड्रिलं मोडली, वेग कमी केल्यावर तिसऱ्यानं सगळं काम केलं. सुऱ्या आखाड लागायच्या चार दिवस आधी दिल्या. महिनाभर त्या टोपातल्या पाण्यात पडल्या, गरम पाणी सोसलं, कुणी काही जपलं नाही. मी जपा म्हणून सांगितलंही नव्हतं.

मागच्या सोमवारी त्यातली एक परत आणली आणि मुद्दाम फोडली. चांगली सुरी फोडताना हात धजत नव्हता, पण वरून बघून मला खरं कळणार नव्हतं. रिव्हेट घासून काढले, पट्टीत पाचर घातली. पट्टी सहजासहजी निघाली नाही. हायलमचा थरच फाटला, इपॉक्सी तसाच राहिला. खालचं लोखंड राखाडी, जसं चिकटवलं होतं तसं. फक्त मागच्या रिव्हेटच्या भोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा गंज होता. तिथं भोकाच्या आत इपॉक्सीचा हात द्यायचा राहिला असणार. बोल्स्टरच्या तिरप्या कडेखाली कोरडं होतं. त्याच पात्याला नव्या पट्ट्या बसवून परवा परत दिली. या वेळी भोकांत दात कोरायच्या काडीनं इपॉक्सी फिरवला.

चौथी सुरी पावसाळ्यात बसवली, सावंतवाडीकरांचं ऐकून. पॅटर्न तासाभरात झाला, पण ८८-१०-२ साठी सोबत्याला दोन आठवडे थांबावं लागलं. पहिल्या ओतकामात ठोकळ्याच्या मधोमध पोकळी निघाली. वितळलेला धातू मागे पुरवायला मी रायझर लहान ठेवला होता. दुसरा घट्ट आला. डाख कथलाचा, हुपरीच्या सुनेनं सांगितला तसा. ओलं फडकं दोनदा भिजवलं. पात्यावर फिकट गवती रंगाची बोटभर पट्टी आली, त्यापुढं रंग सरकला नाही. शिसवी ॲसिटोननं पुसून लगेच बसवली.

ती सुरी आक्कानं अजून वापरलेली नाही. फडक्यात गुंडाळून देवघराखालच्या खणात ठेवली आहे. मी विचारलं तर म्हणाली, गणपतीत मोदकाचं खोबरं त्या सुरीनंच चिरणार.